बँकेचा वकील बँकेचा. घर गहाण ठेवताना आपला वकील वेगळा हवा



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी दुरुस्तीला काढलेली, खलाशी आपापल्या गावी गेलेले. दर्यावरचं काम थांबलं की घरातले रखडलेले विषय वर येतात, आणि त्यातला पहिला विषय घराचाच असतो. थोरल्याचं लग्न ठरलंय, खोली कमी पडते. पडवीच्या बाजूला एक खोली काढू. वर एक मजला चढवू. पर्यटकांना द्यायला दोन खोल्या बांधल्या तर बंदीच्या महिन्यांत चार पैसे येतील. मग प्रश्न येतो पैशाचा, आणि उत्तर ठरलेलं असतं: घर गहाण ठेवून कर्ज काढू.

यात वाईट काही नाही. राहतं घर वाढवायला त्याच घराच्या आधारावर कर्ज घेणं हा सरळ व्यवहार आहे. पण आपल्या लोकांची एक सवय आम्ही वर्षानुवर्षे बघतो. ट्रॉलरचं इंजिन घेताना आपण चार मेकॅनिकांना विचारतो. जाळ्याचा धागा बोटांत धरून तपासतो. आणि घर गहाण टाकताना मात्र पन्नास पानांच्या कागदावर, बोट दाखवतील तिथे सही करतो. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, "बँकेच्या वकिलाने सगळं तपासलंय."

तपासलंय हे खरं. पण कोणासाठी?

तो वकील कोणाचा?

बँक कर्ज देण्याआधी आपल्या पॅनेलवरच्या वकिलाकडून जागेच्या कागदांचा अहवाल घेते. त्याची फी बहुतेक वेळा आपल्याकडूनच वसूल होते, म्हणून तो आपला वकील आहे असं वाटतं. तसं नाही. त्याचं काम एकच: कर्ज बुडालं तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, हे बँकेला सांगणं. गहाणखतातली कुठली अट तुम्हाला जड जाईल, वाढीव बांधकाम उद्या पाडावं लागेल का, बहिणीचा हिस्सा त्यात अडकतोय का, हे तुम्हाला समजावून सांगणं त्याच्या कामात बसत नाही. तो वाईट माणूस आहे असं आम्ही म्हणत नाही. तो दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, एवढंच.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. सही करण्याआधी आपला स्वतःचा वकील गाठा. आणि पुढे वाचाल तेव्हा कळेल की आपल्यापैकी बहुतेक घरांत हा वकील फुकट मिळण्याचा हक्क असलेलं माणूस आधीच आहे.

घर आपलं, पण कागदावर कोणाचं?

आपल्या वकिलाने सर्वांत आधी हाच प्रश्न सोडवायचा असतो. पंचायतीचा घर क्रमांक आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, वीज-पाण्याची बिलं आहेत. यातल्या एकाही कागदाने मालकी सिद्ध होत नाही. घरपट्टी भरली म्हणजे कर भरला, इतकाच त्याचा अर्थ.

एक-चौदाचा उतारा आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. पण त्यातला एकच रकाना बघून चालत नाही. कब्जेदाराच्या रकान्यात कोणाचं नाव, कुळाच्या रकान्यात कोणाचं, इतर हक्कांत काय लिहिलंय, हे तिन्ही वाचायचं. आणि उतारा हीसुद्धा महसुली नोंद आहे. ती खरी मानली जाते, पण उलट पुरावा आला तर खोडता येते. मूळ मालकी शोधायला खरेदीखत, बक्षीसपत्र, इन्व्हेंटरीचा निकाल, आणि जुन्या घरांच्या बाबतीत पोर्तुगीज काळातलं जमीन नोंदणीचं वर्णन आणि मात्रीज, इथपर्यंत जावं लागतं. आजोबांच्या पेटीतला पोर्तुगीज कागद "कोणाला वाचता येत नाही" म्हणून फेकू नका. त्याचं भाषांतर करून घेता येतं, आणि कधी कधी अख्खी मालकी त्या एका कागदावर उभी असते.

किनाऱ्यावरच्या आपल्या वाड्यांतली बरीच घरं स्वतःच्या जमिनीवर नाहीत. कोणाचं भाटकाराच्या भाटात, कोणाचं कोमुनिदादच्या जागेत, कोणाचं सरकारी जागेत. भाटकाराच्या जमिनीतल्या घराला १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आहे. मुंडकाराला घरातून सहज काढता येत नाही आणि घराखालची व भोवतीची जागा विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. पण हकालपट्टीपासून संरक्षण वेगळं आणि मालकी वेगळी. मामलेदाराकडे खरेदीची प्रक्रिया पूर्ण करून दाखला हातात आल्याशिवाय ती जागा गहाण ठेवायला तुमची होत नाही. आणि खरेदी झाल्यावरही त्या दाखल्यावर कोणत्या अटी आहेत ते आधी वाचून घ्यावं लागतं. अशा सभासदांना आमचा सल्ला आहे की आधी मुंडकारीची खरेदी पूर्ण करा, मग कर्जाचं बोला. क्रम उलटा केला की अर्ज फेटाळला जातो, तपासणीची फी मात्र परत मिळत नाही.

घरातल्या बाईची सही

गोव्याचा कायदा इथे बाकीच्या देशापेक्षा वेगळा आहे, आणि कारवार किंवा सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांचा अनुभव इथे लागू पडत नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. दोघांचा अर्धा-अर्धा वाटा. खरेदीखतावर फक्त नवऱ्याचं नाव असलं तरीही. म्हणून घर विकताना किंवा गहाण ठेवताना दोघांची संमती आणि दोघांच्या सह्या लागतात.

ही सही उपचार नाही. सही करणारी बाई स्वतःच्या अर्ध्या घरावर बोजा चढवत असते. तिला कागद वाचून दाखवले पाहिजेत, तिच्या भाषेत समजावले पाहिजेत, आणि तिला "नाही" म्हणायचा अधिकार आहे हे तिला ठाऊक असलं पाहिजे. मासळी बाजारात पाटीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आपली बाई सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर एक शब्द न विचारता सही करते, हे चित्र बदलायला हवं.

वडील गेल्यानंतरचा प्रश्न तर याहून नाजूक. घर वडिलांच्या नावावर राहिलेलं असतं आणि थोरला मुलगा त्यात राहत असतो, म्हणून सगळे ते घर त्याचं समजतात. कायदा तसं समजत नाही. आईचा अर्धा वाटा तिच्या हक्काचा. उरलेल्या अर्ध्यात सगळी मुलं समान, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा. शिवाय मालमत्ता सामाईक असल्यामुळे सुना आणि जावई यांच्याही सह्या लागतात. आधी वारस कोण हे ठरवणारा सक्सेशन डीड करावा लागतो, आणि वाटणी करायची असेल तर इन्व्हेंटरीचं प्रकरण. एकट्या भावाने गहाण ठेवलं तर फार तर त्याच्या हिश्श्यापुरतं गहाण पडेल, आणि तेवढ्यावर बँक सहसा कर्ज देत नाही.

इथेच बहिणीला फोन जातो. "बँकेच्या कागदासाठी एक सही हवी, येऊन जा." ती सही कशावर आहे? कर्जाला संमती देणाऱ्या कागदावर, की हक्क सोडून देण्याच्या दस्तावर? हे दोन कागद फार वेगळे आहेत. पहिल्यात बहिणीचा हिस्सा राहतो, पण कर्ज थकलं तर तोही जाऊ शकतो. दुसऱ्यात तिचा हिस्सा त्याच क्षणी संपतो. राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत, त्यांचा तो निर्णय आहे. पण काय सोडतोय हे कळून सोडावं. भावाच्या वकिलाने बहिणीला समजावणं पुरेसं नाही. तिने स्वतंत्र सल्ला घ्यावा, आणि भावानेच तिला तसं सांगावं. आज एक दिवस उशीर झाला तरी चालेल, पण दहा वर्षांनी कोर्टात भाऊ-बहीण समोरासमोर उभे राहायला नकोत.

वाढवलेला भाग उभा राहील का?

हा प्रश्न बँक विचारते, पण तिच्या नजरेने. वाढीव खोली पाडली गेली तरी मूळ घर आणि जमीन तारण म्हणून उरतेच. तुमचं तसं नाही. खोली गेली तरी हप्ता पंधरा वर्षं चालू राहतो.

किनारी नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम आपल्या जवळपास प्रत्येक वाड्याला लागू होतात. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. म्हणून घर त्याआधीचं असेल तर तसा पुरावा जपून ठेवा: जुनी घरपट्टी, सर्व्हेच्या नकाशावर दिसणारं घर, जुना वीज जोड. गोव्याचा किनारी आराखडा २०११ च्या अधिसूचनेनुसार तयार होऊन २०२२ मध्ये मंजूर झाला. त्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या बाजूला भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत हे नियम चालतात. नदी-खाडीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी असेल तितकं अंतर.

ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. तिथे अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं आणि चटईक्षेत्र आहे तेवढंच ठेवून. म्हणजे कौलं बदलणं, भिंत नव्याने बांधणं वेगळं, आणि पडवीपुढे नवी खोली काढणं वेगळं. १०० ते २०० मीटरमध्ये पारंपरिक मच्छीमारांच्या घरांसाठी अटींवर वाव ठेवलेला आहे, पण तो आपोआप मिळत नाही, मंजुरी घ्यावी लागते. २०० ते ५०० मीटरमध्ये घर बांधता येतं, तेही तळमजला आणि वर एक मजला, उंची ९ मीटरच्या आत. आपलं घर नेमकं कुठल्या पट्ट्यात येतं हे नजरेने ठरवू नका. "शेजाऱ्याने बांधलं, त्याला कोणी काही केलं नाही" हा पुरावा नव्हे. नोटीस निघायला एका शेजाऱ्याची तक्रार पुरते.

सीआरझेडच्या बाहेर असलात तरी पंचायतीचा बांधकाम परवाना हवाच, आणि त्याआधी नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता. परवान्यात जेवढं दाखवलं तेवढंच बांधायचं. आराखड्यात एक खोली दाखवून दोन बांधल्या की पूर्णत्वाचा दाखला अडतो, आणि बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे मिळणारे कर्जाचे पुढचे पैसेही अडकू शकतात. अर्धी भिंत उभी, पैसे संपलेले, हप्ता सुरू झालेला, अशा अवस्थेतली घरं आपण सगळ्यांनी बघितली आहेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मालकीचे कागद, मग परवाना, मग कर्ज, आणि शेवटी गवंडी.

सही करताना काय वाचायचं

गहाण अनेक प्रकारचं असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात त्याचे सहा प्रकार दिलेत. आपल्याला प्रामुख्याने दोन भेटतात. एक, नोंदणीकृत गहाणखत: दोन साक्षीदार, सब-रजिस्ट्रारसमोर सह्या. दुसरा, मूळ मालकीचे कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण. दुसऱ्यात खर्च कमी येतो, पण "नुसते कागद ठेवलेत, गहाण थोडंच टाकलंय" असं समजू नका. कायद्याने ते पूर्ण गहाण आहे. कागद देताना प्रत्येक कागदाची यादी करा, त्यावर बँकेची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि सगळ्याच्या झेरॉक्स प्रती घरी ठेवा.

आता त्या एका अटीकडे वळू, जी आपल्या बोटमालकांना सर्वांत जास्त बाधते. बऱ्याच गहाणखतांत असं लिहिलेलं असतं की हे घर फक्त या कर्जाला नव्हे, तर कर्जदाराच्या त्या बँकेतल्या आजच्या आणि पुढच्या सर्व देण्यांना तारण राहील. म्हणजे घराच्या खोलीसाठी आठ लाख घेतले, ते फेडलेही. पण त्याच बँकेत ट्रॉलरचं कर्ज थकलं असेल, किंवा भावाच्या बोटीला तुम्ही जामीन राहिला असाल, तर घराचे कागद सुटत नाहीत. दोन हंगाम मासळीने दगा दिला तर धंद्याचं वादळ थेट चुलीपर्यंत येतं. बोट बुडाली तरी घर तरंगत राहावं, असं वाटत असेल तर आपल्या वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: "तारण फक्त याच कर्जापुरतं करून मिळेल का?" बँक दरवेळी ऐकेलच असं नाही. पण सही करण्याआधी विचारता येतं, नंतर नाही. एका बँकेत जमत नसेल तर घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत घेण्याचा मार्ग उरतो.

दुसरी अट भाड्याची. गहाण असलेलं घर किंवा त्याचा भाग बँकेच्या लेखी परवानगीशिवाय भाड्याने देऊ नये, असं अनेक करारांत असतं. पर्यटकांना खोल्या देण्यासाठीच बांधकाम असेल तर ते अर्जातच स्पष्ट लिहा आणि परवानगी कागदावर घ्या. घरासाठी म्हणून कर्ज घेऊन धंदा करणं पुढे अंगाशी येऊ शकतं.

तिसरा सापळा बँकेबाहेरचा आहे. खाजगी सावकार किंवा ओळखीचा व्यापारी म्हणतो, "गहाणखताचा खर्च कशाला? खरेदीखतच करू. पैसे दिलेस की परत तुझ्या नावावर करून देतो." असं कधीही करू नका. गहाण हे कधी ना कधी सोडवायचं असतं, आणि ते सोडवण्याचा हक्क कायदा कर्जदाराला देतो. खरेदीखत म्हणजे विक्री. "परत देईन" हा शब्द त्याच दस्तात लिहिलेला नसेल तर कायदा तो व्यवहार गहाण मानत नाही. तोंडी शब्दावर घर परत मिळवायला आयुष्य जातं. कोऱ्या कागदावर सही, मुखत्यारपत्र, तारीख न घातलेले चेक, या सगळ्यालाही हेच लागू.

बँक किंवा वित्त कंपनीकडून कर्ज घेताना एक कागद आवर्जून मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना कर्जाच्या मुख्य मुद्द्यांचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. व्याज, सगळे खर्च धरून येणारा वर्षाचा एकूण दर, दंड, वसुलीची पद्धत, तक्रार कुठे करायची, हे त्यात थोडक्यात असतं, आणि ते तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं. हप्ता चुकल्यावर लागणारा दंड आता व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही चढवता येत नाही.

हप्ता आणि बंदीचे महिने

साधं उदाहरण घेऊ. १० लाख रुपये, ९ टक्के व्याज, १५ वर्षं. महिन्याचा हप्ता येतो सुमारे १०,१४३ रुपये. पंधरा वर्षांत एकूण भरणा सव्वाअठरा लाखांच्या वर. आता बंदीचे दोन महिने धरा: दर वर्षी वीस हजारांवर रक्कम अशा काळात भरायची, जेव्हा बोट बांधलेली आहे. नोकरदाराचा पगार बारा महिने येतो, आपला येत नाही. म्हणून अर्ज करतानाच बँकेला लेखी विचारा की हप्त्यांचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे ठरवून मिळेल का. नाही म्हणाले तर ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दोन हप्त्यांचे पैसे वेगळे बाजूला काढण्याची सवय घरात लावा, आणि त्या पैशांचा हिशेब घरातल्या बाईच्या हाती द्या. हंगाम चांगला गेला तर जादा रक्कम मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या घरगुती कर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड बँक लावू शकत नाही.

हप्ते थकले तर

हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं बुडीत वर्गात जातं. मग बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. पतसंस्थांची वसुली मात्र सहकार कायद्याच्या वाटेने चालते.

तारखा लक्षात ठेवा, सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं. पहिली नोटीस ६० दिवसांची. त्या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत पाठवू शकता, आणि बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर दिलं पाहिजे. ६० दिवसांनंतर ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दिवाणी कोर्टात जाऊन सहसा काही मिळत नाही, उलट दिवस वाया जातात. थकबाकी भरून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधी भरा. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ" हा हिशेब आता चालत नाही.

आपले लोक काय करतात? नोटीस आली की लाजेने कपाटात ठेवतात. वाड्यावर कळू नये म्हणून. ६० दिवस तसेच जातात, आणि भिंतीवर कागद चिकटतो तेव्हा सगळ्या वाड्याला कळतं. नोटीस येणं ही लाज नव्हे. नोटीस आल्याच्या आठवड्यात वकिलाकडे जा. बँकेशी तडजोडीचं बोलणं होऊ शकतं, आणि लोक अदालतीतही हे प्रकरण मिटवता येतं. तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकुमाचंच बळ असतं आणि त्यावर अपील नसतं, म्हणून तिथेही अटी नीट वाचूनच सही करायची.

आणि कर्ज पूर्ण फिटलं की कागद मागायला लाजू नका. फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बँकेने ऐकलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला फी नाही.

फुकट वकील कोणाला मिळतो

सुरुवातीला म्हटलं होतं की हा हक्क असलेलं माणूस आपल्या घरातच आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिचं उत्पन्न कितीही असो. तिच्या नावावर ट्रॉलर असला तरीही. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, आपत्तीत सापडलेले लोक, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले पुरुष यांनाही ती मिळते.

पुष्कळांना वाटतं की ही मदत केस उभी राहिल्यावरच मिळते. तसं नाही. कुठल्याही कायदेशीर बाबतीत सल्ला देणं हेसुद्धा त्या कायद्यात धरलेलं आहे. म्हणजे सही करण्याआधीच घरातली बाई गहाणखताचा मसुदा घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जाऊ शकते आणि विचारू शकते, "यात माझ्या अर्ध्या घराचं काय होतं?" उत्तर आणि दक्षिण गोव्यात जिल्हा प्राधिकरणं आहेत. देशभर चालणारा मदतीचा क्रमांक आहे १५१००.

गोव्याच्या कायद्याने बाईला अर्ध घर दिलंय आणि देशाच्या कायद्याने तिला वकील दिलाय. या दोन गोष्टी आपण कधी एकत्र वापरल्या नाहीत. आता वापरू. ती सल्ला घेऊन आली की फायदा अख्ख्या घराचा होतो, कारण कागद तोच आणि घर तेच.

खाजगी वकील करणार असाल तर एवढं बघा: तो त्या बँकेच्या पॅनेलवर नसावा, त्याला गोव्याच्या वारसा कायद्याची आणि सीआरझेडची माहिती असावी, आणि त्याने फी आधी सांगावी. दहा-पंधरा वर्षांच्या कर्जापुढे एका सल्ल्याची फी म्हणजे एका फेरीच्या डिझेलइतकीही नसेल.

जाताना काय न्यायचं

एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हेचा नकाशा. मालकीचे सगळे दस्त, पोर्तुगीज कागदांसह. सब-रजिस्ट्रारकडून बोजा नसल्याचा दाखला. वडील-आजोबांचे मृत्यूचे दाखले आणि सगळ्या वारसांची नावं, विवाह नोंदणीचे कागद. घरपट्टीच्या जुन्यात जुन्या पावत्या. पंचायतीचा परवाना किंवा अर्जाची प्रत. चालू असलेल्या प्रत्येक कर्जाचे आणि जिथे जामीन राहिलात तिथले कागद. आणि बँकेने दिलेला गहाणखताचा मसुदा. मसुदा घरी न्यायला देत नसतील तर तेवढ्यावरूनच ओळखा की तो आधी वाचायला हवा.

यातले बरेच कागद जमवायला आठवडे लागतात. बंदीचे दिवस त्यासाठी चांगले आहेत. तालुक्याला खेपा मारायला वेळ असतो आणि नवरा-बायको दोघंही जाऊ शकतात. कागदांची यादी करायला किंवा अर्ज लिहायला अडचण असेल तर संस्थेच्या कार्यालयात या, दोघांनी मिळून या. आम्ही वकील नाही, पण कुठल्या दारात जायचं ते दाखवू आणि गरज पडली तर सोबतही येऊ.

घर वाढवा, जरूर वाढवा. सुनेला खोली मिळू दे, नातवंडांना अभ्यासाला जागा मिळू दे. फक्त सही करण्याआधी कागद आपल्या माणसाच्या नजरेखालून जाऊ दे.